बोर्डावरचा हात

"चढ गं."

एवढंच म्हणाला तो. हात लावला नाही. मला हात लावायची सोय नव्हती, म्हणून तोंडानंच सांगितलं. आणि मी चढले.

देवळासमोर चिंच होती. तिच्या आडव्या फांदीला मोठी तागडी बांधलेली. दोन बाजूंना दोन लाकडी पाट, पाटांना चार-चार दोर. पाटलांच्या नातवाची तुला होती त्या दिवशी. पोरगं पाच वर्षांचं, मोठ्या तापातून उठलेलं. त्याच्या आजीनं नवस बोलला होता, पोराच्या भारंभार गूळ वाटीन म्हणून. गुळाच्या ढेपा ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. वास पार आमच्या वस्तीपर्यंत आलेला. मी त्या वासामागं गेले. खोटं कशाला सांगू?

दोर जुने होते. नातवाला त्यावर बसवायची कुणाची छाती होईना. एक जण म्हणाला, "आदी धोंडं घालून बघा, दोर धरतोय का."

दुसऱ्यानं मान वळवली. मी लांब, दगडी गडग्याच्या बाहेर उभी होते. तो म्हणाला, "धोंडं कशाला हुडकताय? ती काय आली की चालत."

सगळे हसले. पाटावर गोणपाट टाकलं, माझं अंग लाकडाला लागू नये म्हणून. मग ते "चढ गं."

दुसऱ्या पाटात धोंडे पडायला लागले. एक. दोन. तीन. माझा पाट जागचा हलेना.

"अजून टाक."

"आरं, अजून एक टाक."

"गुळाची ढेप टाक की!"

"नगं, बाटंल."

माझा पाट जमिनीवरनं सुटला तेव्हा टाळ्या पडल्या. "सुटली, म्हस सुटली!" वर दोर करकरत होता. मी वरच बघत होते. तुटला तर मी पडणार हे मला कळत होतं. त्यांनाही कळत होतं. त्यासाठीच तर मला चढवलं होतं.

अकरा वर्षांची होते मी.

दोर तुटला नाही. "उतर," म्हणाले, उतरले. काठीनं गोणपाट ओढून लांब फेकलं, पाटावर गोमूत्र शिंपडलं आणि मग नातवाला मांडी घालून बसवलं. ते बिचारं दीड ढेपेतच वर गेलं. घाबरून रडायला लागलं. त्याची काय चूक होती?

वाटप सुरू झाल्यावर पाटलीणकाकींनी मला बोलावलं. "ए पोरी, धर. कामाला आलीस हो."

मी झगा पसरला. त्यांनी वरून खडा टाकला. मुठीएवढा.

आणि मी तो खाल्ला.

हे एवढं लिहायला मला पन्नास वर्षं लागली बघा. चढवलं, हे सांगायला नाही. ते मी पुष्कळांना सांगितलंय, हसत हसत सांगितलंय. खाल्ला, हे मात्र कुणाला सांगितलं नव्हतं. निवडुंगाच्या कुंपणाआड उभी राहून, दोन्ही हातांनी धरून, बोटं चाटूनपुसून खाल्ला. गोड होता. लय गोड होता.

आता थोडं माझ्याविषयी सांगते, नाही तर तुम्हाला पुढचं कळायचं नाही.

आमचं गाव पवन मावळातलं. नाव लिहीत नाही. तिथं आमची माणसं अजून राहतात, त्यांना तिथंच नांदायचंय. आम्ही बौद्ध. माझ्या जन्माच्या आधीच आमच्या लोकांनी देवदेव सोडला होता, पण गावानं आमचं जुनं नाव काही सोडलं नव्हतं. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आबा रेल्वेच्या गँगमध्ये होते, खडी आणि रूळ. अंगानं काटकुळे. आई काटकुळी. दोघं भाऊ वाळक्या शेंगांसारखे. आणि मधे मी. गोल. दोन पोरींच्या झग्याचं कापड मला एकटीला लागायचं.

घरात खायला होतं असं नाही. पाऊसकाळात तर भाकरीचा चतकोर वाटणीला यायचा आणि बाकी कुर्डूची भाजी. तोच चतकोर मी खायची, तीच भाजी. तरी अंग भरतच गेलं. गळ्यात एक गाठ असते, ती नीट काम करत नाही म्हणून असं होतं, हे मला चाळिशीत एका डॉक्टरणीनं सांगितलं. तोवर सगळ्या गावाला एकच कारण ठाऊक होतं. चोरून खाती. भातलावणीला गेलो की मालकीणबाई माझ्या आईला म्हणायची, "तुजी ती पोरगी नगं आणूस बाई, ती चार जणींचं खाती." मी चार जणींचं लावायची, ते कुणी बोललं नाही.

तर त्या दिवशी संध्याकाळी आबा कामावरून आले. गावातली गोष्ट घरी पोचायला वेळ लागत नाही. त्यांनी मला जवळ बोलावलं. तोंडाचा वास आला असणार त्यांना. मी मार खायची तयारी करून उभी राहिले. देवळाकडं जायचं नाही, तिथलं काही घ्यायचं नाही, हे त्यांनी आम्हाला बजावून ठेवलेलं.

मारलं नाही. विचारलं, "गोड लागला का?"

मी म्हणाले, "व्हय."

आबा माझ्यासमोर उकिडवे बसले. मग म्हणाले, "पोरी, धोंड्याला कुणी गूळ देत न्हाई. तुला दिला. म्हंजे त्यास्नी ठावं हाय, तू धोंडा न्हाईस. ठावं असून चढवली तुला. येवडं ध्यानात ठेव."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला वाटलं माझ्यावर रुसले. अकरा वर्षांच्या पोरीला काय कळतंय? मी ध्यानात ठेवलं ते भलतंच. मी ध्यानात ठेवलं की आपण खाल्लं की आबा उपाशी राहतात.

तिथून माझं आणि भाकरीचं वाकडं आलं.

शाळेत नाव पडलं, धोंडा. मास्तरसुद्धा हाजरी घेताना हसायचे. मी चारचौघांत खाणं सोडलं. सगळ्यांच्या शेवटी खायची, भिंतीकडं तोंड करून, उभ्या उभ्या. आईला हे समजलं होतं. ती दुरडीखाली एक भाकरी झाकून ठेवायची आणि काहीतरी निमित्त काढून बाहेर निघून जायची. आपलीच लेक आपल्याच घरात चोरासारखी खाते, आणि आईनं चोरीची सोय करून द्यायची. तिला काय वाटत असेल, हे मी तिला कधी विचारलं नाही. आता विचारायला ती नाही.

चौदाव्या वर्षी मी आठ दिवस निव्वळ पाण्यावर काढले. नवव्या दिवशी भातखाचरात तोंडावर पडले. चिखलातून काढलं तेव्हा बांधावरची बाई म्हणाली, "नाटकं बघा. येवडी धष्टपुष्ट आन् म्हनं चक्कर आली." जाडीला भूक लागत नाही असा लोकांचा समज आहे. अजून आहे. अंग काही उतरलं नाही. जीव उतरला.

आणि व्यायाम म्हणाल तर, ओढ्यावरून दोन हंडे डोक्यावर आणि एक काखेत घेऊन आमच्या वस्तीचा चढ मी दिवसाला पाच-सहा वेळा चढायची. रानातून लाकडाची मोळी. पावसाळ्यात लावणी, दिवाळीनंतर भाताची झोडणी. त्याला कुणी व्यायाम म्हणत नव्हतं. त्याला काम म्हणत होते, आणि ते केलं तरी मला आळशी म्हणत होते.

लग्न होऊन लोणावळ्याला आले. नवरा एका हॉटेलच्या भटारखान्यात होता. चांगला होता. पहिल्या दिवशी मी भिंतीकडं तोंड करून जेवायला लागले तर म्हणाला, "भित्ताशी भांडण झालंय का तुजं? हिकडं बघ की." त्याच्यामुळं मी लोकांकडं तोंड करून जेवायला शिकले. त्याच्याचकडून पन्नास माणसांचा स्वयंपाक शिकले. लिहायला-वाचायला मात्र मी माझी मीच शिकले. शाळा पाचवीत सुटलेली. चिक्कीला गुंडाळून येणाऱ्या कागदापासून दुकानाच्या पाट्यांपर्यंत सगळं वाचत सुटायची. नवरा गेल्यावर पोराला मोठं करायचं होतं. आज एकीकडं, उद्या दुसरीकडं असं करत एका सेंटरमध्ये स्वयंपाकाला लागले. तिथं बारा वर्षं काढली.

सेंटर म्हणजे डोंगराच्या कडेला एक मोठा बंगला. तिथं माणसं बारीक व्हायला येतात. मुंबईची, पुण्याची, बाहेरदेशातलीसुद्धा. सकाळी कोमट पाणी आणि लिंबू. दुपारी दुधीचं सूप. संध्याकाळी पपईच्या चार फोडी. आणि ह्यासाठी पैसे मोजतात. मला पहिले कित्येक दिवस हसूच येत होतं. आमच्या गावात हे फुकट मिळत होतं की हो.

पण हसू पुढं गेलं. कारण त्यांची भूक खोटी नव्हती. एक बाई होती, साठीच्या आसपासची, दरवर्षी यायची. दुपारी मी मागच्या पायरीवर डबा उघडला की हळूच यायची.

"मावशी, कसला वास येतोय हो?"

"माज्या डब्याचा. भाकरी आन् सुकटीची चटणी."

"अर्धी भाकरी द्याल? कुणाला सांगू नका."

"घ्या की. चटणी?"

"नको नको, मी शाकाहारी आहे." मग जरा थांबून, "बरं, एवढीशी द्या."

ती भिंतीकडं तोंड करून खायची. उभ्या उभ्या. मला माझी मीच दिसायची. मी तिला म्हणाले एकदा, बसून खावा हो, घशात अडकंल. ती म्हणाली, "सवय आहे."

सकाळी सातला सगळे पाहुणे हॉलमध्ये जमायचे. एकेकानं काट्यावर चढायचं. आकडा खाली गेला की टाळ्या. वर गेला की मॅडम गोड आवाजात म्हणायच्या, "ठीक आहे, उद्या प्रयत्न करू." मॅडम म्हणजे सेंटरच्या मालकीणबाई. वय पंचेचाळिशीचं, बोलणं लोण्यासारखं. बारा वर्षांत मला कधी अरे-तुरे केलं नाही. हे मी मुद्दाम सांगते. त्या वाईट बाई होत्या असं तुम्हाला वाटायला नको. त्या टाळ्यांच्या वेळी मात्र मी सुपाची पातेली घेऊन हॉलच्या बाहेरनं जायची. टाळ्या ऐकल्या की अजून माझ्या पायाखालचा पाट सुटतो.

गेल्या वर्षी मॅडमनी मला वर बोलावलं. हातात एक करडा बिनबाह्यांचा शर्ट दिला आणि घट्ट पायजमा.

"मावशी, हे जरा घालता? एक फोटो काढू. सगळ्या स्टाफला नवीन ड्रेस शिवायचे आहेत."

"येवड्याशा कापडात? माप टेपनं घ्या की."

"फोटोवरून सोपं जातं हो. चेहरा येणार नाही, काळजी करू नका."

बासष्ट वर्षांची बाई मी. लग्न झाल्यापासून साडीशिवाय दुसरं कापड अंगाला लागलेलं नाही. पण बारा वर्षांचं काम, आणि त्या इतक्या गोड बोलल्या. मी घातलं. समोरून एक, बाजूनं एक. "हात जरा लांब ठेवा. पोट सोडा मावशी, ओढून घेऊ नका." मी सोडलं. ड्रेस काही शिवून आले नाहीत. मी विसरूनही गेले.

आता माझी नात. सुजाता, आम्ही सुजी म्हणतो. तेरा वर्षांची. पोराची एकुलती एक. अंगानं माझ्यासारखी. गळ्यातल्या गाठीची तपासणी आम्ही केली, ती बरी आहे म्हणाले. हाडच तसलं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ही पोरगी माझ्या ताटातली भाकरी ओढून घ्यायची. मग शाळेत काय झालं कोण जाणे. डबा तसाच परत यायला लागला. मग रिकामा यायला लागला, तेव्हा मला बरं वाटलं. पुढं कळलं की वाटेतल्या कुत्र्याला घालते. पहाटे उठून मोबाइलमध्ये बघून उड्या मारायची. खालचे शेजारी ओरडायचे. जेवायला बोलावलं की म्हणायची, मी मैत्रिणीकडं खाल्लं.

मी एकदा जवळ घेऊन विचारलं, "का गं बाय, खात का न्हाईस?"

ती माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघत म्हणाली, "आज्जी, मी तुझ्यावर गेलेय."

शिवी नव्हती ती. रडत म्हणाली होती. पण आख्ख्या गावानं मिळून मला जेवढं तोललं नव्हतं, तेवढं त्या एका नजरेनं तोललं.

मग तो रविवार. कामशेतला भाच्याकडं जायचं होतं. मी आणि सुजी वडापच्या जीपमध्ये बसलो. मागच्या बाकावर आठ जणं कोंबलेली. जुन्या रस्त्यानं गाव सोडता सोडता जीप थांबली. समोर मोठा बोर्ड लागलेला. आमच्या सेंटरचा. दोन बायका. एकीच्या खाली लिहिलेलं, आधी. दुसरीच्या खाली, नंतर. नंतरची बाई गोरी, सडपातळ, तोंडभर हसणारी. आधीच्या बाईला तोंडच नव्हतं. मानेपासून खाली. करडा शर्ट.

जीपमधला एक जण म्हणाला, "आयला, ही बाई हाय का गोदाम?"

दुसरा म्हणाला, "आपल्या जीपमदी बसली तर टायर फुटंल."

हसले सगळे. ड्रायव्हरसुद्धा. आणि तोच पहिला माणूस मला म्हणाला, "मावशी, जरा सरका की, पाय ठिवू द्या."

मी सरकले. मला अजून कळलंच नव्हतं बघा. स्वतःचं अंग कोण एवढं लांबून बघतंय? सुजीला कळलं. त्या बाईच्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा डाग होता, काळपट, मधे चिरलेला. तीन वर्षांपूर्वी सेंटरमध्ये उकळतं सूप सांडलं होतं माझ्या हातावर. त्यांच्याच सुपानं भाजलेला हात.

सुजी हळू आवाजात म्हणाली, "आज्जी, हा तुझा हात आहे."

आणि तिनं काय केलं माहीत आहे? तिनं माझा पदर ओढला आणि माझा हात झाकला. जीपमधल्या कुणाला दिसू नये म्हणून. कामशेत येईपर्यंत ती पदर धरून बसली होती.

पाटलीणकाकींनी गूळ टाकला तेव्हा मी एवढी मेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी सुपाचं पातेलं चढवलं नाही. हॉलमध्ये गेले. पाहुणे रांगेत उभे होते. मॅडम वही घेऊन काट्यापाशी. भाकरीवाली बाईही होती, तिसरी का चौथी.

मी म्हणाले, "मॅडम, बोर्डावरचा हात माजा हाय."

त्यांनी इकडंतिकडं बघितलं. "मावशी, आपण नंतर बोलू या का?"

"न्हाई. आत्ताच."

"अहो, पण कुणाला कळतंय? चेहरा तर घेतलाच नाही."

"माज्या नातीला कळलं."

त्या खरंच थोड्या वरमल्या. खोटं सांगत नाही. आत गेल्या आणि खजुराच्या लाडवांचा डबा घेऊन आल्या, चकचकीत कागदातला. "हे नातीला द्या. साखर नाही ह्यात. तुमची एवढी मदत झाली आम्हाला."

कामाला आलीस हो.

डब्याचा वास आला. तुपाचा, खजुराचा. सकाळपासून पोटात काही नव्हतं. तोंडाला पाणी सुटलं, तेही सांगते. शरीर आहे, त्याला मान-अपमान कुठला कळतोय? पण हात पुढं गेला नाही. अकरा वर्षांची होते तेव्हा हात पुढं गेला होता. ह्या खेपेस नाही गेला.

मी म्हणाले, "बोर्ड उतरवा. ती बाई बारीक झालेली न्हाई. ती हितं तुमच्यासमोर उभी हाय."

मॅडमना एकदम काहीतरी सुचलं. तोंड उजळलं त्यांचं. "मग असं करू या ना! तुम्हाला आम्ही फुकट कोर्स देतो. तीन महिन्यांत तुमचाच 'नंतर'चा फोटो काढू. मग तर काही खोटं राहणार नाही? या, आजपासूनच सुरुवात." त्यांनी काट्याकडं हात केला. "चढा मावशी."

चढा.

'गं' नव्हतं. 'मावशी' होतं. मान देऊन म्हटलं होतं. पण शब्द तोच.

मी काट्याकडं बघितलं. काचेचा, लहानसा, ताटाएवढा. चिंच नाही, दोर नाही, तुटायला काहीच नाही. चढले असते तर एक आकडा आला असता, एवढंच. मागं रांगेतली माणसं वाट बघत होती. मला आबा आठवले. मला त्यांचं बोलणं पन्नास वर्षं अर्धंच कळलं होतं. ते जेवले नाहीत ते माझ्यावर रागावून नाही. त्यांच्या घशाखाली घास उतरला नाही. ह्यांना ठाऊक आहे मी धोंडा नाही. ठाऊक असून चढवतात. दुसरं कुणी हलकं दिसावं म्हणून कुणीतरी जड लागतं. ती जड मी.

"मी चढणार न्हाई," मी म्हणाले. "अकरा वर्सांची हुते तवा चढले हुते. आता न्हाई. तुमी गोड बोलला तरी न्हाई."

आणि रांगेकडं वळून म्हणाले, "बाईसाहेब लोकांनो, त्या बोर्डावरची जाडी बाई मी. बारा वर्सं हितलं दुधीचं पाणी मीच उकळतीय. तुमी काय करायचं ते करा. मी फकस्त सांगून ठिवलं."

 टाळ्याबिळ्या काही नाही. भाकरीवाली बाई जमिनीकडं बघत होती. मला वाटलं होतं ती तरी एक शब्द बोलेल. नाही बोलली. तिच्यावर माझा राग नाही. तिला अजून चढायचं होतं.

मी पदराला बांधलेलं फडकं सोडून ठेवलं आणि माझा डबा घेऊन निघाले. सूप चढवलंच नव्हतं, तरी जाताना गॅस बंद आहे ना, एवढं बघितलं. सवय.

आता मी घरी आहे. काम गेलं. गुडघे दुखतात, त्यांना निमित्तच पाहिजे होतं. पोरगा म्हणतो, "आई, फोटोच तर हुता, तोंड बी दिसत न्हवतं, कशाला वाढवलंस?" त्याचंही बरोबर असेल. दोन घरचे डबे करून देते.

सुजीला मी गुळाची गोष्ट सांगितली. सगळी. खाल्ला तेसुद्धा.  मग तिनं विचारलं, "गोड लागला का?"

आबांनी विचारलेलं तेच. तिला माहीत नव्हतं.

मी म्हणाले, "व्हय. गोडच हुता. गूळ गोडच असतो, बाय. भूक लागली हुती मला. भूक लागली ती माजी चूक न्हाई, आन् माजं अंग बी माजी चूक न्हाई."

ह्यानंतर ती धडधड जेवायला लागली असं तुम्हाला वाटलं असेल, तर तसं काही झालं नाही. अर्धी भाकरी खाते. कधी तीही सोडते. मी बळजबरी करत नाही. दुरडीखाली झाकूनही ठेवत नाही. मी तिच्यासमोर बसते, ताट वाढून घेते, दाराकडं तोंड करून, दार सताड उघडं ठेवून. इंद्रायणीचा भात, वालाचं बिरडं, भाकरी. पोट भरेपर्यंत जेवते. येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावं. तिनंही बघावं. तिच्यासाठी मला दुसरं काही करता येत नाही.

बोर्ड अजून तिथंच आहे. हॉलमध्ये बोलले म्हणून एवढंच झालं, की माझ्या हातावर, बरोबर डागावर, त्यांनी एक गोल पिवळा कागद चिकटवला. त्यावर लिहिलंय, पावसाळी सवलत. डाग झाकला. बाकीची मी तशीच.

म्हणून मी अर्ज लिहिला. माझ्या हातानं, माझ्या अक्षरात. ह्या बोर्डावरचं शरीर माझं आहे, माझी परवानगी नाही, उतरवावा. खाली सही केली. अंगठा नाही, सही. एक अर्ज सेंटरच्या दारात दिला, एक नगरपालिकेच्या कचेरीत. आतापर्यंत सेंटरवर तीनदा विचारायला गेले. वर चढ आहे, दोनदा बसावं लागतं. पहिल्या खेपेस सुजी आली होती. फाटकाबाहेर उभी राहिली, आत आली नाही. येईल तेव्हा येईल.

पदर मी आता डाव्या हातावरून काढून खोचते. डाग दिसतो. दिसू दे.

सोमवारी परत जायचंय. तो बोर्ड उतरेपर्यंत जाणार. चालत जाणार. पोटभर भाकरी खाऊन जाणार.